उंदीर पाळायचेत? आधी त्यांना काम शोधा

डिसेंबर २०१८ मध्ये मी बुटाच्या खोक्यातून दोन उंदीर घरी आणले, तेव्हा ही दारातच आडवी उभी राहिली. "अवो, एकतीस वर्षं तिकडं सांभाळलात ते पुरं झालं नाही? आता घरात कशाला?"

तिकडं म्हणजे फार्मसी कॉलेजच्या प्राणिगृहात. मी तिथं अटेंडंट होतो. पिंजरे धुवायचे, खाली अंथरलेली भाताची तुसं बदलायची, दर सोमवारी एकेका उंदराचं वजन करून वहीत मांडायचं. एम.फार्म.ची पोरं ओळख पटावी म्हणून पिक्रिक अ‍ॅसिडनं कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर पिवळा ठिपका द्यायची. मला ठिपके लागायचे नाहीत. कोण दार उघडल्या उघडल्या पुढं येतो, कोण मागं सरकतो, यावरून मी सांगायचो.

त्या एकतीस वर्षांत एकही उंदीर माझ्या हातून उपाशी राहिला नाही. वेळेवर पेलेट, वेळेवर पाणी. तरी काही उंदीर तासन्‌तास जाळीचा एकच गज कुरतडत बसायचे. पहिली कित्येक वर्षं मी समजायचो, दात शिवशिवत असतील. मग एकदा बदललेल्या तुसात चुकून पुठ्ठ्याची नळी राहून गेली, आणि गज कुरतडणारा तो सबंध दुपारभर नळीत कागद भरत बसला. गजाकडं ढुंकूनही बघितलं नाही. त्याला भूक लागलेली नव्हती. त्याला काम नव्हतं. पुढं जे काही लिहिलंय ते सगळं त्या नळीपासून सुरू होतं.

कुठला उंदीर

मराठीत आपण बऱ्याच प्राण्यांना एकाच शब्दात कोंबतो. स्वयंपाकघरातली एवढीशी उंदरी वेगळी. गटाराकाठची, मांजराच्या पिल्लाएवढी होणारी घूस वेगळी. रात्री चिकचिक करत भिंतीच्या कडेनं पळणारी चिचुंद्री तर उंदराच्या गोतातलीसुद्धा नाही. पाळायचा उंदीर म्हणजे 'रॅटस नॉर्वेजिकस', तपकिरी उंदराचा माणसाळलेला वंश. हा इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून लोक हौसेनं पाळतायत. राणीचा उंदीर पकडणारा जॅक ब्लॅक वेगळ्या रंगाचे उंदीर निवडून त्यांची पैदास करायचा आणि पाळायला विकायचा. प्रयोगशाळेतला पांढरा विस्टार उंदीरही त्याच जातीचा, फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधून जगभर गेलेला.

दुकानात 'पांढरा उंदीर' मागितलात तर दोन वेगळे प्राणी पुढं येऊ शकतात. रॅटच्या पिल्लाचे पाय अंगाच्या मानानं मोठे असतात, शेपूट मुळाशी जाड, तोंड बोथट. माऊस लहानखुरा, तोंड टोकदार, शेपूट सुतळीसारखी. मी बोलतोय ते रॅटबद्दल. मादी साधारण २५० ते ४५० ग्रॅम, नर साडेचारशेपासून पुढं. आयुष्य दोन ते तीन वर्षं. हा आकडा घेण्याआधी घरातल्या पोरांना सांगून ठेवा, नंतर सांगणं फार अवघड जातं.

घरात सापळ्यात सापडलेला उंदीर मात्र कितीही गोड दिसला तरी पाळायचा नाही. त्याच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, पावसाळ्यात हे मुंबई-कोकणवाल्यांना वेगळं सांगायला नको. आणि पाळलेल्यांचा पिंजराही अशा ठिकाणी ठेवा, जिथं बाहेरचा उंदीर येऊन त्यावर मुतणार नाही. गच्चीत, वळचणीला अजिबात नको.

दोन घ्या, पण दोन मोजून घ्या

एकटा उंदीर पाळू नका. मी फार सल्ले देणारा माणूस नाही, पण हे ठणकावून सांगतो. तुम्ही दिवसातले दोन तास द्याल, उरलेले बावीस तास तो कुणाच्या अंगाला अंग लावून झोपणार? दोन माद्या किंवा दोन नर, एकाच घाण्यातले असले तर उत्तम. माद्या चळवळ्या, एका जागी ठरत नाहीत. नर मोठे झाले की आळशी होतात, मांडीवर पोतं टाकल्यासारखे पडतात. टीव्ही बघत बसणाऱ्या माणसानं नर घ्यावेत.

घेताना उंदीर कानाजवळ धरा. श्वासाचा आवाज यायला नको, ना घरघर, ना चिकचिक. डोळे मोठे, कोरडे. नाकाखाली लाल डाग नको. वय सहा ते आठ आठवड्यांचं. दुकानाची नोंदणी आहे का विचारा, २०१८ पासून पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्राचे नियम आहेत. पावती मागितली की काही दुकानदारांचा चेहराच सांगतो.

आता माझी चूक. ३१ वर्षांचा अनुभव खिशात घालून मी गेलो, दोन माद्या अचूक निवडल्या आणि त्या कुठल्या पिंजऱ्यातून निघाल्या ते बघितलंच नाही. त्याच पिंजऱ्यात एक पांढरा नर बसला होता. नात जोडीला बघून नाचत होती, मी पैसे दिले आणि निघालो. हिनं आठवड्याभरात राग सोडला, नावंही तिनंच ठेवली. तपकिरी ती जिरी, काळ्या डोक्याची ती मोहरी. मोहरी जरा भरतेय असं वाटलं, म्हटलं घरचं अन्न लागलं. सतराव्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात नऊ पिल्लं. लाल, उघडी, डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी.

उंदराची मादी गाभण राहते ते दिवस २१ ते २३. पिल्लांचे डोळे साधारण चौदाव्या दिवशी उघडतात आणि पाचव्या आठवड्यात ती स्वतः आईबाप व्हायला तयार होतात. म्हणजे त्याच्या आत नर-मादी वेगळे केले नाहीत तर पिंजऱ्याचा हिशेब चक्रवाढ व्याजानं वाढतो. एवढंच नाही, व्यायल्यावर एका दिवसाच्या आत नर जवळ असला तर मादी पुन्हा गाभण राहते. नशीब, आमच्याकडं नर नव्हता. नऊपैकी आठांना घरं शोधायला मला दीड महिना लागला. कॉलेजच्या जुन्या पोरांना फोन केले, प्रत्येकाला दोन-दोन, एकटं एकही दिलं नाही. एक पांढरी मादी ठेवून घेतली. ती खसखस.

नर-मादी ओळखणं सोपं आहे. शेपटीखाली बघा. दोन छिद्रांतलं अंतर जास्त तो नर, कमी ती मादी. पाच आठवड्यांच्या नराला तर बघावंही लागत नाही, तो स्वतःच सगळं मिरवत असतो.

पिंजरा

बाजारात मिळणारे हॅमस्टरचे रंगीत पिंजरे घेऊ नका, ते उंदराला शर्टाच्या खिशाएवढे होतात. काचेची पेटीही नको. लघवीतला अमोनिया तळाशी साचतो, आणि उंदराची फुप्फुसं हीच त्याची नाजूक बाजू. मी आमच्या सांगलीत शंभर फुटी रोडवरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून तीन फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच असा पिंजरा करून घेतला. जाळी अर्ध्या इंचाची, त्याहून मोठी नको. डोकं गेलं की अख्खा उंदीर जातो. जाळीला पावडर कोटिंग करून घ्या. नुसती जस्ताची जाळी मुताचा वास धरते, मग कितीही घासा. तळ जाळीचा नको, पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा हवा. जाळीवर चालून तळपाय फुटतात, सुजतात.

अंथरायला कागदाच्या पट्ट्या. सॉ मिलमधला भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. देवदार, पाइनसारख्या वासाच्या लाकडाचा भुसा त्यांच्या छातीला वाईट. वरच्या मजल्यावर झोळ्या बांधा. हिच्या जुन्या सुती साडीचा तुकडा, माझ्या जीन्सचा कापलेला पाय, एवढ्यात आमच्या तिघींचा संसार झाला. आणि एक युक्ती मी कॉलेजात असताना कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. कोपऱ्यात एक ट्रे ठेवा आणि त्यात नदीतला गुळगुळीत गोटा. का कोण जाणे, उंदराला गोट्यावर मुतायला आवडतं. आठ दिवसांत निम्मी साफसफाई कमी होते. मी कृष्णेच्या घाटावरून गोटा आणला तेव्हा ही म्हणाली, "देवाचा नव्हं ना उचलला?"

पाण्याच्या बाटलीच्या नळीतला छर्रा रोज बोटानं दाबून बघा. बाटली भरलेली दिसते, छर्रा अडकलेला असतो, आणि उंदीर रात्रभर तहानलेला.

खाणं

मोठा उंदीर दिवसाला १५ ते २० ग्रॅम खातो. ज्वारीची भाकरी, मऊ भात, मोड आलेले मूग वाफवून, भोपळा, काकडी, मेथीची पानं, आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं. शेंगदाणा भाजलेला, दिवसाला एक. तेलकट, खारट, लोणचं, फरसाण नाही. कच्चा राजमा आणि कच्ची कडधान्यं नाहीत. नरांना संत्र्याची साल नाही.

आणि मोदक नाही. पहिल्या चतुर्थीला हिनं हौसेनं उकडीचा मोदक पुढं ठेवला, मी झडप घालून काढून घेतला. उंदराला उलटी करता येत नाही, शरीरातच ती सोय नाही. चिकट काही घशात अडकलं की बाहेर यायचा रस्ता बंद. सारणातलं नुसतं खोबरं चिमूटभर चालतं.

उलटी होत नाही म्हणूनच उंदीर खाण्याच्या बाबतीत वकिलासारखा असतो. नवीन पदार्थ आला की आधी एवढासा कण, मग थांबून बघणार. घरोघरी औषध घालून लोक म्हणतात ना, 'एकदा खाल्लं, परत शिवला नाही', त्याचं कारण हे. आमच्याकडं मी पहिल्यांदा नाचणीची आंबील ठेवली तेव्हा मोहरी चाटून आली. जिरी वाटीकडं गेलीच नाही, ती मोहरीच्या तोंडाशी तोंड नेऊन हुंगत राहिली, चांगलं अर्धा मिनिट. मग सरळ वाटीत. सोबत्याच्या श्वासाला ज्या अन्नाचा वास, ते खायला सुरक्षित, हा त्यांचा शोध आहे आणि प्रयोगशाळांनी तो पुनःपुन्हा पडताळून पाहिलाय.

हात, आणि काम

शेपटीला धरून उचलायचं नाही. सिनेमात दाखवतात ते विसरा. शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून येते, मी ते बघितलंय. दोन्ही हातांची ओंजळ छातीखालून घाला आणि अंगाशी धरा.

पहिले चार-पाच दिवस हात पुढं करू नका. रोज संध्याकाळी पिंजऱ्याजवळ बसून मोठ्यानं पेपर वाचा, तुमचा आवाज ओळखीचा होऊ दे. मग चमच्याला दही लावून धरा. दाणा दिला की उंदीर तो उचलून कोपऱ्यात पळतो आणि तुमच्या वाट्याला पाठ येते. दही चाटायला त्याला थांबावंच लागतं. दुसऱ्या आठवड्यात चमच्याऐवजी बोट. जाळीतून मात्र कधीच काही भरवू नका, नाहीतर जाळीतून आलेली प्रत्येक वस्तू खायचीच असते असं तो धरून चालतो. नातीच्या मैत्रिणीचं बोट असंच चावलं गेलं. चावलंच तर साबणानं खळखळून धुवा आणि डॉक्टरला 'उंदीर चावलाय' असं स्पष्ट सांगा, लाजू नका.

हाताला सवय झाली की काम सुरू करा. आमच्या घरातली सगळ्यात चांगली शाळा म्हणजे आप्पेपात्र. सात खळगे, प्रत्येकावर एक पिंगपाँगचा चेंडू, त्यातल्या दोनांखाली भोपळ्याची बी. पहिल्या दिवशी जिरीनं सातही चेंडू उलथले. चौथ्या दिवशी ती चेंडूभोवती फक्त नाक फिरवायची आणि नेमके दोन काढायची. मोहरीनं वेगळाच मार्ग काढला. ती आप्पेपात्राला हातच लावायची नाही, बाजूला बसून जिरीनं चेंडू ढकलला की बी पळवायची. मी तिला आळशी म्हणायचो. नात म्हणाली, "आजोबा, हुशार कोण मग?"

अंड्यांच्या ट्रेमध्ये कागदाचे बोळे, कुंडीतल्या मातीत पुरलेले धणे, तोंड बांधलेली कागदी पिशवी, सगळं चालतं. फक्त दर दोन-तीन दिवसांनी बदला. काही शिकवायचं तर जिभेनं 'टक्‌' असा एकच आवाज काढा आणि लगेच दही द्या. आठवड्यात 'टक्‌' म्हणजे 'बरोबर केलंस' हे त्यांना कळतं, मग त्या आवाजानं काहीही शिकवता येतं: हातावर चढ, वर्तुळ घे, पिंजऱ्यात जा. दिवसातून दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. खसखस कंटाळली की तोंड धुवायला बसायची, तिची सुटीची घंटा ती.

आमच्या कॉलेजातही उंदरांना शिकवायचे म्हणा. औषधाचा मेंदूवर परिणाम बघायला उंच टांगलेला अधिक-चिन्हासारखा मेझ, म्हणजे भूलभुलैया, असायचा, पाण्याचा हौद असायचा. पण ती परीक्षा होती, खेळ नव्हे. उंदीर डोक्यात नकाशा तयार करतात हे कॅलिफोर्नियात टोलमन या मानसशास्त्रज्ञानं १९४८ सालीच मांडलं होतं. मला जास्त आवडतो तो २०१९ चा बर्लिनचा प्रयोग. तिथं संशोधक खोलीत खोक्यांमागं लपले आणि उंदरांनी त्यांना शोधलं, मग उंदीर लपले. आठवड्या-दोन आठवड्यांत लपाछपी शिकले. बक्षीस खाण्याचं नव्हतंच, सापडल्यावर गुदगुल्या. गुदगुल्यांनी उंदीर हसतात हे अमेरिकेत याक पँकसेप या शास्त्रज्ञानं आधीच ऐकवलं होतं. साधारण ५० किलोहर्ट्झची चिवचिव, माणसाच्या कानाच्या आवाक्याबाहेरची. त्यानं ती वटवाघळांचे आवाज पकडणाऱ्या यंत्रानं ऐकली. माझ्याकडं यंत्र नाही. पण मानेमागं दोन बोटांनी खाजवून पालथी घातली की जिरी सुटून लांब पळायची आणि फिरून परत माझ्याच हातावर आदळायची, हे सांगायला यंत्र लागत नाही.

२०११ मध्ये शिकागोत आणखी एक बघितलं गेलं. एक उंदीर नळीत कोंडलेला, दुसरा बाहेर. बाहेरच्यानं दार उघडायची युक्ती स्वतः शोधली आणि सोबत्याला सोडवलं. शेजारी चॉकलेट ठेवलं तरी आधी-नंतर दोन्ही दारं उघडली, आणि बऱ्याचदा चॉकलेटही वाटून खाल्लं. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि बराच वेळ काही वाचलं नाही. प्राणिगृहात मी त्यांना एकेकाला वेगळा पिंजरा द्यायचो, प्रयोगाची तशी मागणी असली की. वहीत लिहायचो, 'एकटा'.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा भूसुरुंग शोधणारा मगावा उंदीर मात्र आपल्यातला नव्हे. तो आफ्रिकेतला थैलीगालाचा मोठा उंदीर, त्याला २०२० मध्ये इंग्लंडच्या संस्थेनं सुवर्णपदक दिलं. आपल्या जिरीनं आप्पेपात्र जिंकलं, पुरे आहे.

घरच्यांना कसं पटवायचं

आमच्या मजल्यावरच्या काकू पहिल्यांदा म्हणाल्या, "प्लेग येईल हो." हसू नका. माझी आजी सांगायची, घरात उंदीर पडला की माणसं भांडीकुंडी उचलून माळावर झोपड्या टाकून राहायची. १८९६ ला मुंबईत आणि १८९७ ला पुण्यात जे झालं ते आपल्या बोलण्यात अजून शिल्लक आहे. तेव्हा वाद घालू नका, समजावा. प्लेग पिसवा पसरवतात, उंदीर आधी स्वतः मरतो, आणि घरात जन्मलेल्या, पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरावर गटारातल्या पिसवा सहसा येत नाहीत. मग त्यांना पिंजऱ्याशी बसवा, उंदीर तोंड धुताना दाखवा. उंदीर दिवसातून कितीदा अंग धुतो हे बघितल्यावर काकूंनी स्वतःच्या नातवाचा विषय काढला.

दुसरी वाट देवाची. मुंबईच्या सिद्धिविनायकात चांदीच्या उंदराच्या एका कानावर हात ठेवून दुसऱ्या कानात नवस सांगतात. राजस्थानात देशनोकच्या करणीमातेच्या देवळात उंदरांना 'काबा' म्हणतात आणि पांढरा काबा दिसला तर भाग्य समजतात. आपल्याकडं पोराचा दात पडला की उंदराच्या बिळाशी टाकायचा, उंदीरमामासारखे दात येऊ देत म्हणून. हा नवस मात्र शास्त्राला धरून आहे. उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढतात. ते पिवळे-नारिंगी असतात, त्यात लोह असतं. पांढरेशुभ्र दिसले तर काळजी करा.

पण मला सांगा, देवाच्या पायाशी बसलेल्या उंदराला लाडू आणि माळ्यावर आलेल्याला चिकट गोंदाचा कागद, हा हिशेब कुठला? त्या कागदावर तो तासन्‌तास जिवंत चिकटून राहतो. उंदीर नको असतील तर भोकं बुजवा, धान्य डब्यात ठेवा, सापळा लावायचाच तर रोज तपासा. हे मी पाळणाऱ्यांनाच सांगत नाही.

गणपतीच्या दहा दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत हलवा. धूप, उदबत्ती, कापूर, डासांची कॉइल आणि आपली मिरचीची फोडणी, सगळं त्यांच्या छातीत जातं. फटाक्यांच्या आवाजातलं आपल्याला ऐकू न येणारंही त्यांना ऐकू येतं.

अंग काय सांगतं

दात कराकरा वाजवत बसलाय आणि डोळे आत-बाहेर थरथरतायत, तर घाबरू नका. तो सुखात आहे, दात घासताना जबड्याचा स्नायू डोळ्याला ढकलतो. पांढरा, लाल डोळ्यांचा उंदीर मान डावी-उजवी डोलवतो तेव्हा त्याला भूल पडलेली नसते, अंधुक नजरेनं तो अंतर मोजत असतो. केस फुलवून आडवा चालला तर भांडण आहे.

डोळ्याभोवती, नाकाशी लाल दिसलं की लोक रक्त समजून रडतात. बहुतेक वेळा ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून लालसर स्राव येतो, आजारात किंवा ताणात जास्त. पांढऱ्या रुमालानं टिपा आणि रुमाल नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. गुलाबी चमकला तर तोच स्राव. सांगलीच्या एका किराणा दुकानदारानं मला तो दिवा वापरू दिला, नंतर कशासाठी ते कळल्यावर काउंटर पुसून घेतला. स्राव रोज दिसू लागला, किंवा श्वासात घरघर आली, तर डॉक्टर. उंदरांच्या छातीत मायकोप्लाझ्माचे जंतू बहुधा असतातच, ताण, धूळ, अमोनिया मिळाला की डोकं वर काढतात. म्हणून उंदीर आणायच्या आधी ससे-हॅमस्टर तपासणारा पशुवैद्य शोधून ठेवा, गायीम्हशींच्या डॉक्टरांना दोष देऊ नका. औषध वजनावर ठरतं, स्वतःच्या मनानं माणसाची गोळी मोडून देऊ नका.

माझी सोमवारची वही मी घरीही चालू ठेवली. भाजीचा डिजिटल काटा, वर प्लास्टिकचा डबा, त्यात उंदीर. दोन सोमवार ओळीनं वजन उतरलं की काहीतरी आहे, अजून दिसत नसलं तरी. माद्यांना गाठी होतात, दुधाच्या ग्रंथी काखेपासून मांडीपर्यंत पसरलेल्या असतात म्हणून गाठ कुठंही लागते. लवकर सापडली तर काढता येते. वजन करताना सगळ्या अंगावरून बोटं फिरवा.

उन्हाळा हा महाराष्ट्रातला खरा शत्रू. उंदराला घाम येत नाही, कुत्र्यासारखी धापही टाकता येत नाही, अंगातली उष्णता तो शेपटीवाटे सोडतो. तिशीच्या वर पारा गेला की लक्ष द्या. एक फुटका माठ आडवा करून ओला ठेवा, त्यात ते पसरून झोपतात. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून द्या. तोंड उघडून श्वास घेतोय, अंग ढिलं पडलंय असं दिसलं तर शेपूट साध्या पाण्यानं भिजवा, बर्फाच्या नाही, आणि रिक्षा बोलवा.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही मिरजेला बहिणीकडं निघालो. ट्रकमध्ये पिंजरा मावेना. मग भाजीची क्रेट घेतली, वर जाळी बांधली, तिघींना जीन्सच्या पायात घातलं. बहिणीनं तीन दिवस विचारलं नाही की क्रेटमध्ये काय आहे. चौथ्या दिवशी स्वतःच भाकरीचा तुकडा घेऊन आली. तुमच्या घरी पुराची, सुटीची, इस्पितळाची वेळ येईल, म्हणून एक छोटा पिंजरा आणि दोन दिवसांचं खाणं कायम बांधून ठेवा.

शेवटी एकटी उरते

जिरी नोव्हेंबर २०२० मध्ये गेली. तिला लगेच उचललं नाही. सोबत्यांना हुंगू द्यावं, नाहीतर ते कित्येक दिवस शोधत राहतात. मोहरी आणि खसखस दोघी आल्या, कान चाटले, आणि मोहरीनं कागदाच्या पट्ट्या ओढून तिच्यावर टाकायला सुरुवात केली. तासाभरानं कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरली, दोन फूट खोल, म्हणजे मुंगूस उकरत नाही. पुढं फेब्रुवारीत मोहरी गेली आणि खसखस एकटी उरली.

इथं मी पुन्हा अडकलो. एकटा ठेवायचा नाही म्हणतो, आणि नवीन दोन आणले की तीन वर्षांनी परत तोच प्रश्न. ही साखळी तोडायची तर एकट्या उरलेल्यासाठी दुसरा एकटा उरलेला शोधायचा. जयसिंगपूरच्या एका पोराकडं, माझ्याच नऊ पिल्लांपैकी एक, अशीच जोडीदारीण गेलेली मादी होती. तो बेंगळुरूला नोकरीला निघाला होता.

दोघींना एकदम एका पिंजऱ्यात घालू नका, जुनी आपलं घर राखणार. पंधरा दिवस शेजारी-शेजारी वेगळे पिंजरे, रोज एकमेकींची फडकी बदलायची. मग दोघींनाही अनोळखी अशी जागा. आमच्याकडं कोरडी न्हाणी. मी पाटावर बसलो, हातात जाड टॉवेल, रक्त निघालं तर टाकायला. खसखशीनं दुसरीला उलथी पाडली, ती किंचाळली, मी टॉवेल उचलला आणि परत ठेवला. किंचाळणं म्हणजे भांडण नव्हे, केस उभे राहिले आणि दोघी एकमेकींना चिकटून गोल फिरल्या तरच मध्ये पडायचं. वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी चाळीस. पाचव्या दिवशी पिंजरा उकळत्या पाण्यानं धुतला, सगळ्या झोळ्या नव्या बांधल्या, गोटासुद्धा घासला, आणि दोघींना आत सोडलं. रात्री साडेअकराला ही पाणी प्यायला उठली आणि मला हलवून म्हणाली, "बघा की." जीन्सच्या पायातून दोन शेपट्या बाहेर लोंबत होत्या.